'मी कॅथलिक आहे, पण...' म्हणणारे पुढारी आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहिलं होतं, की गर्भपाताबद्दल चर्च नेमकं काय शिकवतं हे आपल्याला अर्धंच माहीत असतं आणि कॅथलिक राजकारण्यांना तर कधीकधी त्याहून कमी. त्यावर एवढे मेसेज आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. कोणाचंच नाव छापलेलं नाही, विषयच तसा आहे.

प्रश्न (वसई): टीचर, बायडेन दर रविवारी मिस्साला जायचे, नॅन्सी पेलोसी पण स्वतःला पक्क्या कॅथलिक म्हणवतात, तरी दोघंही गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने. यांना शिकवण माहीतच नाहीये का माहीत असून सोडून देतात?

दोन्ही प्रकार घडलेत, आणि ते एकमेकांपासून वेगळे ठेवून बघायला हवेत.

पेलोसींचं आधी सांगते. २००८ च्या ऑगस्टमध्ये त्या अमेरिकन संसदेच्या सभापती होत्या, टीव्हीवर त्यांना विचारलं की जीव कधी सुरू होतो, तर त्या म्हणाल्या की मी या विषयाचा खूप वर्षं अभ्यास केलाय आणि चर्चच्या आचार्यांनाच शतकानुशतकं याची व्याख्या करता आलेली नाही, वर संत ऑगस्टीन यांचं नाव घेतलं. दोन-तीन दिवसांत बिशपांची जाहीर उत्तरं आली की हे चूक आहे. आता बघा, त्या बोलल्या ते पूर्ण खोटं नव्हतं आणि म्हणूनच ते जास्त फसवं होतं. जुन्या काळात अॅरिस्टॉटलच्या जीवशास्त्रावरून असं मानायचे की गर्भात आत्मा काही आठवड्यांनी येतो, संत थॉमस अक्वायनस यांचंही तेच मत होतं. त्यावरून शिक्षा पण कमीजास्त व्हायची, म्हणजे १५८८ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी कुठल्याही महिन्यातल्या गर्भपाताला कडक शिक्षा लावली, लगेच १५९१ मध्ये पोप ग्रेगरी चौदावे यांनी ती फक्त आत्मा आलेल्या गर्भापुरती ठेवली, आणि १८६९ मध्ये पोप पायस नववे यांनी तो फरकच काढून टाकला. पण या सगळ्या काळात शिक्षा बदलली, पाप हे पापच राहिलं. गर्भपात करू नको हे दिदाखे नावाच्या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लिखाणात स्पष्ट आहे, आणि ऑगस्टीन, अक्वायनस यांपैकी कोणीही त्याला मोकळीक दिलेली नाही.

आणखी एक गोष्ट आहे जी बरेच फादर पण सांगायची राहून जातात. आत्मा नेमका कुठल्या क्षणी येतो, हा प्रश्न चर्चने आजही अधिकृतपणे मिटवलेला नाही. १९७४ च्या व्हॅटिकनच्या घोषणेत तो मुद्दाम बाजूला ठेवलाय आणि म्हटलंय की शंका असली तरी समोर माणूस असण्याची शक्यता असताना त्याला मारण्याचा धोका पत्करणं हेच गंभीर पाप आहे. म्हणजे पेलोसींनी ज्या न सुटलेल्या प्रश्नाचा आधार घेतला, त्या प्रश्नावर चर्चची शिकवण उभीच नाहीये. एवढा 'अभ्यास' करून नेमकं हेच निसटलं याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या दिवशी लाखो लोकांनी ते ऐकलं आणि बिशपांचं पत्रक किती जणांनी वाचलं असेल?

बायडेन यांचं वेगळं आहे. त्यांनी पेलोसी बोलल्या त्याच टीव्ही कार्यक्रमात दोन आठवड्यांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, सरळ सांगितलं की गर्भधारणेपासून जीव असतो हे श्रद्धेचा भाग म्हणून मी मानतो, पण ते दुसऱ्यांवर लादणार नाही. यात शिकवण बरोबर सांगितली, वाद राहिला तो कायद्याचा. मग सप्टेंबर २०२१ मध्ये प्रेसिडेंट असताना ते म्हणाले की जे असं मानतात त्यांचा मला आदर आहे पण मी ते मान्य करत नाही. तेरा वर्षांत माणूस कुठून कुठे गेला बघा. तेव्हा वॉशिंग्टनचे कार्डिनल ग्रेगरी शांतपणे एवढंच बोलले की चर्च शिकवतं की मानवी जीव गर्भधारणेपासून सुरू होतो आणि प्रेसिडेंट जे सांगतायत ती कॅथलिक शिकवण नाही. मला हे उत्तर आवडलं. शिव्या नाहीत, धमकी नाही, नुसतं शिकवण काय आहे ते सांगितलं.

प्रश्न (बेळगाव): सविता हालप्पनवार आमच्या गावची मुलगी. आयर्लंडमध्ये 'हा कॅथलिक देश आहे' असं सांगून तिला मरू दिलं. मग तुमच्या चर्चच्या शिकवणीत आईच्या जिवाला किंमतच नाही असं समजायचं का?

तुमचा राग मला कळतो, आणि तो राग मी कमी करायला बसलेली नाहीये. सविता ३१ वर्षांची होती, डेंटिस्ट होती, १७ आठवड्यांची गरोदर. २१ ऑक्टोबर २०१२ ला गॉलवेच्या हॉस्पिटलमध्ये दाखल झाली, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं, तिने आणि नवऱ्याने गर्भपात करा म्हणून मागणी केली, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून थांबले, मग रक्तात इन्फेक्शन पसरलं आणि २८ तारखेला ती गेली. 'कॅथलिक' हे वाक्य एका मिडवाइफने उच्चारलं होतं, पुढे एप्रिल २०१३ मध्ये मृत्यूच्या चौकशीत तिने ते कबूल केलं, दुखवायचा हेतू नव्हता असंही सांगितलं. ते वाक्य एका बाईला तिच्या मरणाच्या आधल्या दिवसांत ऐकावं लागलं, याची लाज मला कॅथलिक म्हणून वाटते.

आता शिकवणीचं. डॉक्टरांचे हात धरले होते ते आयर्लंडच्या कायद्याने. १९८३ मध्ये तिथे घटनेत आठवी दुरुस्ती झाली, गर्भ आणि आई दोघांच्या जगण्याचा हक्क समान. १९९२ मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं की आईच्या जिवाला खराखुरा मोठा धोका असेल तर गर्भपात चालेल, पण त्यावर कायदा करायचं काम वीस वर्षं एकाही सरकारने केलं नाही, सगळ्यांना हा विषय हातात घ्यायची भीती. मग धोका 'पुरेसा' कधी झाला हे डॉक्टरने पलंगाशेजारी उभं राहून स्वतःच ठरवायचं. शिवाय चौकशीत हेही निघालं की इन्फेक्शनच्या खुणा वेळेवर पाहिल्याच गेल्या नव्हत्या, एका सरकारी अहवालाने तर १३ हुकलेल्या संधी मोजल्या.

चर्च याबाबत काय शिकवतं? सविताच्या मृत्यूनंतर नोव्हेंबर २०१२ मध्ये आयरिश बिशपांनी लेखी सांगितलं की आईच्या जिवापेक्षा बाळाचा जीव मोठा, असं चर्चने कधीच शिकवलेलं नाही, आणि आई आजारी असेल तर तिला लागणारे उपचार करता येतात, जोपर्यंत त्या उपचारांचा थेट हेतू बाळाला मारण्याचा नसतो. म्हणजे गरोदर बाईला गर्भाशयाचा कॅन्सर झाला तर गर्भाशय काढता येतं, त्यात गर्भ जाणार हे माहीत असूनसुद्धा. इन्फेक्शनवर तातडीचे उपचार हे तर करायलाच हवेत. पण मी तुमच्यापासून काही लपवणार नाही, इन्फेक्शन दिसायच्या आधी, फक्त गर्भ वाचणार नाही एवढ्याच कारणाने तो थेट संपवणं, याला चर्च नाहीच म्हणतं. हे ऐकून तुमचं समाधान होणार नाही कदाचित. पण 'आई मेली तरी चालेल' ही शिकवण नाहीये, आणि हा फरक जर तिथल्या आमदार-मंत्र्यांनी वीस वर्षांत नीट समजून घेऊन कायद्यात लिहिला असता तर डॉक्टरांना अंदाज बांधत बसावं लागलं नसतं. मला याची चीड येते. नुसतं 'आम्ही कॅथलिक देश' म्हणायचं आणि कॅथलिक शिकवण काय आहे ते वाचायचं नाही.

प्रश्न (मालवण): आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर आपल्या वराड गावचे म्हणून आम्हाला अभिमान. पण आयर्लंडमधला गर्भपातबंदीचा कायदा त्यांच्याच काळात उठला. चर्चने त्यांना बहिष्कृत केलं का? कोणी म्हणतं केलं, कोणी म्हणतं नाही.

नाही केलं. वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, हिंदू, डॉक्टर. आई आयरिश कॅथलिक, आणि मुलगा कॅथलिक म्हणून वाढला. २०१९ संपता संपता ते वराडला येऊन गेले तेव्हाचे फोटो तुमच्याकडे असतील. २०१० च्या सुमारास ते स्वतःला गर्भाच्या बाजूचे म्हणवायचे, मग आरोग्यमंत्री झाल्यावर २०१४ मध्ये म्हणाले की आठवी दुरुस्ती फारच कडक आहे, आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात पंतप्रधान म्हणून ती काढा अशा प्रचारात उतरले. ६६.४ टक्के लोकांनी काढा म्हटलं. १९८३ मध्ये ती घालायला जवळजवळ तेवढ्याच, ६६.९ टक्के लोकांनी हो म्हटलं होतं! पस्तीस वर्षांत एक देश उलटा फिरला.

बहिष्काराबद्दल, म्हणजे चर्चच्या संस्कारांपासून दूर ठेवणाऱ्या शिक्षेबद्दल, आपल्याकडे फार गोंधळ आहे म्हणून जरा थांबून सांगते. चर्चच्या कायद्यात कलम १३९७ आहे (२०२१ च्या आधी त्याचा नंबर १३९८ होता), त्यानुसार जो प्रत्यक्ष गर्भपात घडवून आणतो त्याला आपोआप बहिष्कार लागतो. 'प्रत्यक्ष' हा शब्द बघा. कायद्याला मत देणारा खासदार यात आपोआप बसत नाही. त्याने चूक केली, गंभीर पाप केलं असं चर्च म्हणू शकतं, पण बहिष्कार ही वेगळी गोष्ट झाली. सार्वमतानंतर आयर्लंडमधल्या एल्फिनचे बिशप डोरन एवढंच म्हणाले की ज्या कॅथलिकांनी हो म्हणून मत दिलं त्यांनी कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करायला, येण्याचा विचार करावा. पेपरात त्याचा मथळा मात्र बहिष्काराइतका मोठा झाला.

वराडकरांच्या आधीचे पंतप्रधान एंडा केनी यांची गोष्ट मला जास्त लक्षात राहिलीये. सविताच्या मृत्यूनंतर २०१३ मध्ये, आईचा जीव धोक्यात असेल तर गर्भपात, एवढाच मर्यादित कायदा त्यांनी आणला, तर त्यांना रक्ताने लिहिलेली पत्रं आली, प्लास्टिकचे भ्रूण आले. संसदेत ते म्हणाले की मी पंतप्रधान आहे जो कॅथलिक आहे, मी कॅथलिक पंतप्रधान नाही. अमेरिकेचे कॅथलिक उमेदवार जॉन केनेडी १९६० मध्ये ह्यूस्टनमध्ये जवळपास हेच बोलले होते, पण केनेडींना सिद्ध करायचं होतं की पोप मला हुकूम देत नाही, आणि केनींना स्वतःच्याच देशातल्या लोकांची पत्रं उघडायची होती. उलट बाजूला त्यांच्याच पक्षाच्या मंत्री लुसिंडा क्रेटन यांनी विरोधात मत दिलं आणि त्यांना पक्षाबाहेर जावं लागलं. किंमत दोन्हीकडे मोजली गेली, हे विसरू नका.

प्रश्न (मडगाव): पेलोसींना सॅन फ्रान्सिस्कोत कम्युनियन बंद आणि रोममध्ये मिळतं, हे कसं काय? चर्चचा नियम एकच ना?

नियम एक आहे, लावणारे अनेक आहेत. नियम म्हणजे चर्चच्या कायद्यातलं कलम ९१५, उघड गंभीर पापात जो हट्टाने राहतो त्याला कम्युनियन, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, देऊ नये. सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप कॉर्डिलियोनी यांनी २० मे २०२२ ला पेलोसींना ते लावलं, आधी भेटायचा बराच प्रयत्न केला होता असं त्यांनी लिहिलंय. पुढच्याच महिन्यात, २९ जूनला, पोपच्या मिस्साला सेंट पीटर्समध्ये त्यांना कम्युनियन मिळालं. वॉशिंग्टनच्या कार्डिनलनी तर बंदी घातलीच नव्हती. 'उघड' काय, 'हट्टाने' काय, हे त्या त्या बिशपने ठरवायचं असतं, अमेरिकन बिशपांनी २००४ मध्येच, गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे कॅथलिक जॉन केरी प्रेसिडेंटपदाला उभे होते त्या निवडणुकीत, हा निर्णय एकेका बिशपवर सोडला होता. २०२१ मध्ये परत मोठी चर्चा झाली, नोव्हेंबरला कम्युनियनवरचं पत्रक २२२ विरुद्ध ८ मतांनी पास झालं, त्यात एकाही पुढाऱ्याचं नाव नाही.

माझं मत विचाराल तर कम्युनियनच्या या भांडणाने नुकसान जास्त झालं. लोकांना आठवतं काय, तर कोणाला दिलं आणि कोणाला नाही. गर्भपात चूक का आहे हे कोणालाच आठवत नाही. पोप फ्रान्सिस सप्टेंबर २०२१ मध्ये विमानात एकाच दमात दोन गोष्टी बोलले, की गर्भपात म्हणजे खून, आणि मी आजवर कोणालाही कम्युनियन नाकारलेलं नाही. बातमी देताना कोणी पहिलं वाक्य कापलं, कोणी दुसरं.

प्रश्न (पुणे): मी कॅथलिक नाही, देवधर्म फारसा मानतही नाही. निवडून आलेल्या माणसाने पोपचं का ऐकायचं? तो सगळ्यांचा प्रतिनिधी आहे ना.

रास्त प्रश्न आहे. तुमच्याच बाजूचं सगळ्यात भारी भाषण एका कॅथलिकानेच केलंय, न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो, सप्टेंबर १९८४, नोत्र दाम विद्यापीठ. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की शिकवण मला मान्य आहे, पण समाजात एकमत नसताना ती कायद्याने लादली तर कायदाही टिकणार नाही आणि शिकवणही पटणार नाही. निदान त्यांनी शिकवण वाकडी करून सांगितली नाही, याचं मला अप्रूप आहे.

चर्चचं उत्तर असं की हा फक्त कॅथलिकांपुरता नियम नाहीये. शुक्रवारी मटण खाऊ नका असा कायदा करा, असं कुठलाही बिशप मागत नाही. पण निरपराध माणसाला मारू नये हे न्यायाचं तत्त्व आहे, आणि ते कळायला बाप्तिस्मा लागत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. तुम्हाला पटेल न पटेल, पण 'पोपने सांगितलं म्हणून' हा तो युक्तिवाद नव्हेच.

आणि पुढाऱ्यांना यात किती वाव आहे, ते तर जवळजवळ कोणालाच माहीत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९५ च्या परिपत्रकात ७३ व्या परिच्छेदात लिहिलंय की गर्भपाताचा कायदा पूर्ण रद्द करणं शक्य नसेल, तर ज्याचा विरोध सगळ्यांना ठाऊक आहे असा लोकप्रतिनिधी नुकसान कमी करणाऱ्या मर्यादित कायद्याला मत देऊ शकतो. म्हणजे सगळं किंवा काहीच नाही, असं चर्च म्हणत नाही. आणि दुसऱ्या टोकाला बेल्जियमचे राजे बोदवँ, १९९० मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला मन धजेना, तर मंत्रिमंडळाने त्यांना तात्पुरतं राज्य करण्यास असमर्थ जाहीर केलं, मंत्र्यांनी सह्या केल्या आणि राजे परत गादीवर बसले. कायदाही झाला आणि माणसाचा सदसद्विवेकही राहिला. प्रत्येक पुढाऱ्याला हा मार्ग मिळत नाही हे खरं.

आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारतच नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, संसदेचा, २०२१ मध्ये तो आणखी सैल झाला, पण गोव्यातल्या किंवा वसईतल्या कुठल्या कॅथलिक उमेदवाराला प्रचारात कोणी 'तुझं यावर काय मत' असं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

प्रश्न (मीरा रोड): मग गर्भपाताविरुद्ध बोलणाऱ्या पक्षालाच मत द्यायचं का? बाकी काही बघायचंच नाही?

असं चर्च म्हणत नाही. २००४ मध्ये कार्डिनल रॅट्झिंगर, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले, त्यांनी अमेरिकन बिशपांना लिहिलं की गर्भपाताच्या बाजूच्या उमेदवाराला केवळ त्याच कारणासाठी मत देणं हे पाप आहे, पण तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या कारणांसाठी दिलं तर ते चालू शकतं. 'तेवढ्याच वजनाच्या' हे शब्द सोडून बोलू नका एवढंच. आणि पोप लिओ सप्टेंबर २०२५ मध्ये म्हणाले की मी गर्भपाताविरुद्ध आहे पण फाशीच्या बाजूने आहे असं कोणी म्हणत असेल तर तो खऱ्या अर्थाने जीवनाच्या बाजूचा नाही. फाशीबद्दल कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकात, २०१८ मध्येच बदल झालाय, ती स्वीकारता येणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. दुसऱ्या बाजूच्या कॅथलिक पुढाऱ्यांना हे किती माहितीये, ते पण विचारा.

प्रश्न (गाव लिहू नका): टीचर, माझ्या बहिणीने लग्नाआधी मूल पाडलं होतं, घरच्यांनीच नेलं होतं, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आता बातम्यांमध्ये बहिष्कार बहिष्कार ऐकून ती कम्युनियनला उठतच नाही, बाकावर बसून राहते. वीस वर्षं झाली. काय करू?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी एक गोष्ट तिला सांग, आजच सांग. सोळा वर्षं पूर्ण व्हायच्या आधी चर्चच्या कायद्यात शिक्षा लागतच नाही. म्हणजे तिला बहिष्कार कधी लागलाच नव्हता. आणि मोठ्या बाईला सुद्धा, अशी शिक्षा आहे हे तिला स्वतःच्या चुकीशिवाय माहीत नसेल, तर ती आपोआप लागत नाही.

मनावरचं ओझं वेगळं असतं, ते कायद्याने उतरत नाही हे मला माहीत आहे. त्यासाठी तिने कन्फेशनला जावं. पूर्वी या पापाची क्षमा द्यायला बऱ्याच ठिकाणी बिशपची परवानगी लागायची, पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१६ पासून जगातल्या प्रत्येक फादरला ती कायमची दिलीये, त्यामुळे तुमच्या धर्मग्रामातल्या फादरकडे नको वाटत असेल तर दुसऱ्या गावी जा, कोणी ओळखणार नाही, कोणाला विचारावं लागणार नाही. आणि ज्या परिपत्रकात पोप जॉन पॉल यांनी खासदारांना एवढं सुनावलं, त्याच्याच ९९ व्या परिच्छेदात ते गर्भपात झालेल्या बायकांशी थेट बोलतात, की निराश होऊ नका, आशा सोडू नका, दयाळू बाप तुम्हाला क्षमा करायला तयार आहे. तो परिच्छेद मी मराठीत हाताने लिहून या आठवड्यात तुझ्या पत्त्यावर पाठवते. तू तिच्याबरोबर जा, बाहेर थांब, आणि पुढच्या रविवारी ती उठली की तू पण तिच्या मागे लाइनीत उभी राहा.